मामाची मांडी

माझ्या मुलाचं जाऊळ डोंगरातल्या महादेवापाशीच काढायचं, हे सासूबाईंनी तो माझ्या पोटात असतानाच ठरवून टाकलं होतं. त्याआधी त्या माझ्याशी बोलतही नव्हत्या. मी बंजाऱ्याची पोर, घाटंजीकडच्या एका तांड्यावरची. त्यांचं घर मारेगावकडचं, गावात मान असलेलं, कापूस-तुरीची चांगली काळी जमीन असलेलं. त्यांच्या मुलाची अन् माझी ओळख यवतमाळला कॉलेजात झाली आणि आम्ही कोणाला न विचारता लग्न केलं. दोन्हीकडची दारं बंद झाली. माझ्या बापानं अजूनही माझं नाव घेतलेलं नाही. सासरकडून साधा निरोपही नव्हता. त्या लग्नाला माझ्या बाजूनं फक्त माझा भाऊ आला होता. तो साक्षीदार म्हणून सही करून उभा राहिला आणि बाहेर आल्यावर त्यानं सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. तेवढंच आमचं वऱ्हाड.

मला दिवस गेले तेव्हा सासूबाई एक दिवस आपणहून यवतमाळच्या आमच्या भाड्याच्या घरी आल्या. पिशवीत तुरीची डाळ, डिंक, खारका. आल्या तशा पदर खोचून ओट्याशी उभ्या राहिल्या. माझ्या सुजलेल्या पायांना त्यांनी तेल लावलं. बाळंतपणात माझी आई चार दिवसांच्या वर राहू शकली नाही, शेतात कापूस फुटला होता. तेव्हा शेक-शेगडीपासून सगळं सासूबाईंनी केलं आणि पुढेही त्या बहुतेक आमच्याकडेच राहिल्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना दुष्ट समजेल. त्या दुष्ट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

"पोट्टं होवो का पोट्टी," त्या म्हणाल्या होत्या, "जाऊळ आपल्या महादेवापाशी. मी बोलली हावो देवाले."

'आपल्या' हा शब्द मला फार गोड लागला होता.

तो महादेव माझ्या ओळखीचाच होता. आमचा तांडा त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. सासरची माणसं डांबरी रस्त्यानं येतात, आम्ही नाल्याकडून सागाच्या जंगलातली पायवाट चढून यायचो. शिवरात्रीला भाऊ मला खांद्यावर घेऊन चढायचा. आम्ही भावाला भिया म्हणतो, आईला याडी. भिया माझ्याहून बराच मोठा. तो थकला की मला उतरवायचा आणि म्हणायचा, आता तू मला उचल. मी त्याचे पाय धरून ओढायची आणि तो मुद्दाम हलायचा नाही.

माझ्या मुलाला पहिल्यांदा पाहायला भिया आला तेव्हा दारातच हात धुवायला पाणी मागितलं. मग मांडी घालून बसला, बाळ घेतलं आणि कितीतरी वेळ हललाच नाही. "जाऊळ कधी आहे?" एवढंच आमच्या बोलीत विचारलं. जाऊळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं. हे आमच्यातही आहे, त्यांच्यातही आहे. दोन्ही घरांत सारखी असलेली जी थोडीफार रीत होती, त्यातली ही एक. मला वाटलं होतं, निदान इथं तरी काही अडणार नाही.

पुढच्या राखीपौर्णिमेला सासूबाईंनी त्यांच्या भाच्याला आमच्याकडे बोलावलं. माझ्या नवऱ्याचा मामेभाऊ तो, वणीला दुकान आहे त्याचं. "तुया भाऊ काही येऊ शकला नाही," त्या मला म्हणाल्या, "मंग याले बांध. आजपासून हा तुया भाऊ." भियाचा त्या दिवशी बाजाराचा फेरा होता, त्याचा छोटा हत्ती टेम्पो आहे, शेतीतून वेळ काढून तो माल वाहतो. तो दुसऱ्या दिवशी येणारच होता. पण सासूबाईंचं मन मला मोडवेना. खरं सांगायचं तर मला भरून आलं. या घरानं मला भाऊसुद्धा दिला, असं वाटलं. त्यानं ओवाळणीत साडी घातली, 'ताई' म्हणाला, पाया पडला. मी ती साडी शाळेत नेसून गेले आणि बाकीच्या शिक्षिकांना कौतुकानं सांगितलं.

जाऊळ हिवाळ्यात ठरलं, सोमवार बघून. सासरकडून दोन गाड्या भरून माणसं आली. माझ्याकडून याडी आणि भिया, मोटरसायकलवर.

याडीला पाहून मी आधी ओळखलंच नाही. जन्मभर मी तिला फेटिया-कांचळीत, आमच्या घागरा-चोळीत पाहिलेली, आरशांच्या, कवड्यांच्या, चालताना वाजणाऱ्या. त्या दिवशी ती साडी नेसून आली होती. पिवळी, सुती, दुकानातल्या घडीच्या रेघा तशाच. दंडावरचा चुडाही काढून ठेवलेला. त्याचे पांढरे वळ तेवढे दिसत होते.

"याडी, हे काय?"

"तुझ्या सासरची माणसं आहेत," ती आमच्या बोलीत म्हणाली. "बरी दिसते ना?"

साडीची तिला सवय नव्हती. पायऱ्या चढताना निऱ्या पायात येत होत्या आणि ती दर वेळी हसत होती, जणू आपल्याच वेंधळेपणाची तिला गंमत वाटते आहे.

भियानं पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. केस कापलेले, दाढी घोटलेली. हातात पितळी ताट. त्यात बाळाचे कपडे, टोपी, चांदीचे वाळे, खोबऱ्याची वाटी. ताटावर लाल रुमाल. मोटरसायकलवर याडीनं ते मांडीवर धरून आणलं होतं.

न्हावी अजून यायचा होता म्हणून मी बाळाला घेऊन याडीसोबत आधी दर्शनाला गेले. महादेवाचं लेणं मोठं नाही. काळ्या कातळाच्या पोटात एक मंडप कोरलेला, चार जाड खांब, आत गाभारा. लहानपणी मी पाहिलं तेव्हा खांबांवर छिन्नीचे तिरपे घाव मोजता यायचे. बोट फिरवलं की खडबडीत थंड दगड लागायचा. आता कोणीतरी खांबांना पिवळा ऑइलपेंट मारला आहे, खाली गुळगुळीत फरशी बसवली आहे, नंदीला पांढरा रंग आणि काळे डोळे काढले आहेत. पण छत तसंच होतं, कोणाचा ब्रश तिथवर पोहोचला नव्हता. धुरानं काळं पडलेलं, ओलसर, कोपऱ्यात वटवाघळं. आणि गाभाऱ्यातला गारवा तोच. बाहेर ऊन असलं तरी तिथे पाय ठेवला की अंगावर काटा येतो. पिंडीवर कातळातून आपोआप पाणी ठिबकतं, बारीक, थेंब थेंब. बाळ त्या आवाजाकडे मान वळवून ऐकत राहिलं.

याडीनं पिंडीवर बेल वाहिला. मग खांबाला कपाळ टेकून ती बराच वेळ उभी राहिली. काय मागितलं ते मी विचारलं नाही. पुजाऱ्यानं तिच्या हातावर तीर्थ दिलं, बाळाच्या कपाळाला भस्म लावलं. आम्हाला कोणी अडवलं नाही, कोणी काही विचारलं नाही. देवाच्या घरात सगळं सुरळीत झालं. जे व्हायचं ते बाहेर झालं, पिंपळाखाली.

पिंपळाच्या सावलीत न्हाव्यानं पोतं अंथरलं होतं, पुढे पाट मांडला होता. वाटीत पाणी, वस्तरा, हळद-कुंकू. सासरच्या बायका भोवती गोळा झाल्या. माझी नणंद पदर पसरून बसली. जाऊळ आत्यानं पदरात झेलायचं असतं. एका बाजूला गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजत होते आणि त्याचा खरपूस वास सगळीकडे पसरला होता.

"मामा कोन हाये?" न्हावी म्हणाला. "बसवा मामाले."

भिया पुढे झाला. ताट त्यानं याडीकडे दिलं, चपला बाजूला काढल्या, पँटचे गुडघे झाडले.

"थांबा भाऊ," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "मामा हाये आमच्याकडं."

आणि त्यांचा भाचा, खांद्यावर नवा टॉवेल टाकून आधीच तयार असलेला, पाटावर येऊन बसला. त्यानं माझ्याकडे पाहून हात पुढे केले. "दे ताई."

राखी कशासाठी होती, हे मला तेव्हा कळलं. श्रावणापासून त्यांनी हे जुळवत आणलं होतं. चिडून नाही, भांडून नाही. पाहुण्यांसाठी आधीच धान्य निवडून ठेवावं, तसं.

"आई," मी म्हणाले, "मामा हा आहे."

त्या माझ्या जवळ आल्या, दंडाला हात लावून हळूच बोलल्या. "बाई, चार पावने आले हायेत. देवाचं काम हाये. लोकं काय म्हनतीन? तो बसन ना मागून. फोटोले बसन."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते डोंगराकडे पाहत होते. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मोबाइल आडवा धरला होता, व्हिडिओ काढायला. मोबाइलवरची नजर न काढताच तो म्हणाला, "दोन मिनिटाचं काम आहे. कायले वाढवतं?"

मी बाळ भाच्याकडे दिलं नाही. भियापुढे गेले आणि म्हटलं, "भिया, बस."

तो पाटावर कसा बसणार? पाटावर दुसरा होता. तो तिथेच, पिंपळाच्या मुळाशी, उघड्या दगडावर मांडी घालून बसला. मी बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. बाळ त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घालू लागलं. न्हावी वस्तरा हातात धरून उभा, नजर सासूबाईंवर. त्यांनी होकारही दिला नाही, नकारही नाही.

मग मागून सासऱ्यांच्या थोरल्या भावाचा आवाज आला. "जाऊळ इथी काढाचं असन तर रीतीनं निघन. नाईतर गाड्या भरा."

"रीत काय आहे काकाजी?" मी विचारलं. "मामाच्या मांडीवर बसवायचं हीच ना?"

"तू मास्तरीन हायेस, शाळेत शिकोव," ते म्हणाले.

एक बाई फिसकन हसली. नणंदेचा पदर तसाच पसरलेला. बाळाला भूक लागली होती की माणसांची गर्दी बघून घाबरलं, कोण जाणे, ते रडायला लागलं. मोठमोठ्यानं. भियानं त्याला खांद्याशी घेतलं, पाठ थोपटली. मग तो उठला. पाटापाशी गेला आणि त्यानं स्वतःच्या हातानं बाळाला त्या भाच्याच्या मांडीवर ठेवलं. डोकं नीट धरायला सांगितलं. मान कशी सांभाळायची तेही दाखवलं.

"चालवा दादा," तो न्हाव्याला म्हणाला.

मी त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला आणि आमच्या बोलीत एवढंच म्हणाला, "काई छेनी, बाई." काही नाही, बाई.

जाऊळ निघालं. भुरभुर काळे केस नणंदेच्या पदरात पडत राहिले. बायकांनी काहीतरी गाणं म्हटलं. नवऱ्यानं व्हिडिओ काढला. याडी ताट दोन्ही हातांत धरून उभी होती, लाल रुमाल अजून वरच. बाळाला आंघोळ घालून कपडे चढवायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी पिशवीतून भाच्यानं आणलेले कपडे काढले. ताटातले पाहून म्हणाल्या, "हेबी मस्त हायेत वो. घरी गेल्यावर घालू."

जेवणाला माझ्या माणसांना आधी बसवलं. "तुम्हाले दूर जाचं हाये, अंधाराच्या आंदी निंगा," असं म्हणत सासूबाईंनी याडीच्या पानात रोडगा कुस्करला, तुपाची धार सोडली, वांग्याची भाजी वाढली, वरण वाढलं, पुन्हा तूप वाढलं. दोघंच बसली होती पंगतीत. बाकी सगळे उभे राहून त्यांना आग्रह करत होते. वाढण्यात काही कमी नव्हतं. पाहणाऱ्याला वाटलं असतं, केवढा मान.

मला वाटत होतं, यांनी उठावं. पानाला हात न लावता, ताट उचलून, मोटरसायकल चालू करून निघून जावं. ते उपाशी गेले असते तर मला निदान अभिमानानं रडता आलं असतं. पण याडीनं पान स्वच्छ केलं. "रोडगे चांगले भाजले," ती मोडक्या मराठीत सासूबाईंना म्हणाली. भियानं दुसऱ्यांदा वरण घेतलं. मला त्या दोघांचा इतका राग आला की मी गाडीत जाऊन बसले आणि बाळाला पाजत राहिले.

निघताना सासूबाईंनी याडीची ओटी भरली, भियाला शर्टपीस आणि टोपी दिली. त्यानं ती टोपी तिथल्या तिथे डोक्यावर घातली, सगळ्यांना रामराम केला. मोटरसायकल डांबरी रस्त्यानं खाली गेली. नाल्याकडची वाट आता मोडली आहे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी नवऱ्याला विचारलं, "तू एक शब्दही का बोलला नाहीस?"

"काय बोलायचं होतं?"

"हाच मामा आहे, एवढं."

तो पेपर वाचत होता. "तुझा भाऊच म्हणाला ना, काही नाही म्हणून? त्याले नाही लागलं, मग तुले काहून लागून राह्यलं?"

मी पुष्कळदा मनात त्याच्याशी भांडते, फार सुंदर भांडते, पण या वाक्यापाशी येऊन माझं तोंड बंद होतं. भियानं ते दोन शब्द माझ्यासाठी उच्चारले होते आणि माझ्या नवऱ्यानं ते आपल्या खिशात घातले.

त्यानंतर भिया आमच्या घरी आला नाही. भांडण नाही, अबोला नाही. यवतमाळला माल घेऊन आला की फोन करतो, मी शाळा सुटल्यावर बाजार समितीच्या फाटकापाशी जाते. आम्ही उसाचा रस पितो. घरी चल म्हटलं की म्हणतो, गाडी रिकामी करायची आहे. गाडी नेहमीच रिकामी करायची असते.

एकदा मी विचारलंच. "तू उठलास कशाला? मी तुझ्यासाठी सगळ्यांशी वाकडी झाले, आणि तू माझ्या हातातून काढून त्याला दिलंस."

त्यानं उरलेला रस पिऊन ग्लास गाड्यावर ठेवला. "न्हाव्याच्या हातात वस्तरा होता," तो म्हणाला. "लेकराच्या डोक्यावर भांडण कोण करते, बाई? अन् तुले त्या घरात राहाचं होतं. मले नाही."

तो माझ्याशी आमच्या बोलीत बोलला नाही, मराठीत बोलला. आता तो माझ्याशी बरेचदा तसंच बोलतो.

मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत कान टोचायचे होते. तेव्हाही मामाची मांडी लागते. सासूबाईंनी विषय काढायच्या आधीच मी एका रविवारी, कोणाला न सांगता, मुलाला घेऊन एसटीनं घाटंजीला गेले. भियाला बोलावून घेतलं, सोनाराच्या दुकानात बाकावर बसवलं आणि मुलाला त्याच्या मांडीवर दिलं. टोचताना मूल रडलं, भियाच्या शर्टाला नाक पुसलं. सोनारानं गुळाचा खडा दिला. सगळं पाच-दहा मिनिटांत झालं. पाट नाही, हळद-कुंकू नाही, बायकांचं गाणं नाही; रस्त्यावर भाजीवाल्यांचा गलका. मी जिंकले होते म्हणे. भिया म्हणाला, "असं चोरून कायले, बाई?" आणि माझ्या जिंकण्याचं पाणी पाणी झालं.

घरी आल्यावर सासूबाईंनी मुलाचे कान उजेडात धरून पाहिले. मला वाटलं, आता फुटेल सगळं. मीही तयार होते. त्या म्हणाल्या, "डावं भोक जरासं खाली गेलं. सोनार काही नीट नाई पायला तू." आणि हळद-तेल गरम करायला आत गेल्या. रात्री-दिवसा, कान वाळेपर्यंत, त्यांनीच तेल लावलं. मामा कोण होता, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची त्यांना गरज नव्हती. बैठकीतल्या भिंतीवर जाऊळाचा फोटो मोठा करून लावलेला आहे: पाट, पिंपळ, टॉवेल, वणीचा मामा.

मूल आता बोलतं, घडाघडा बोलतं. वणीहून भाचा आला की ते 'मामा, मामा' करत दाराकडे पळतं. भियाचा फोन आला की मला हाक मारतं, "आई, तांड्यातल्या मामाचा फोन!"

त्याला हे कोणी मुद्दाम शिकवलं नाही. दोन मामा आहेत, फरक कळायला काहीतरी म्हणावंच लागतं, असं नवरा म्हणतो. मी मुलाला कितीदा समजावलं, नुसतं मामा म्हण. ते मान हलवतं आणि विचारतं, "मग त्या मामाले काय म्हणू?"

मागच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात होते, फोन मुलानं उचलला. स्पीकर चालू होता. "कोण बोलते?" त्यानं विचारलं.

"मी," पलीकडून भियाचा आवाज आला, हसरा, गाडीच्या इंजिनावरून मोठ्यानं बोलणारा. "तांड्यातला मामा बोलून राह्यलो. आई कुठं हाये तुयी?"